सलामूचं पोट आणि हफदल्लाची दातखीळ

हफदल्लाला गप्प बसवायचं म्हणजे वारा पोत्यात भरायचा. निर्वासितांच्या छावणीतल्या जुन्यापान्या गाड्या दुरुस्त करायचं त्याचं काम, पण हात गाडीत आणि तोंड गावभर. इंजिनाखाली उताणा पडलेला असला तरी तिथून भाष्य चालूच: अमकीची शेळी तमकीच्या तंबूत शिरून काय खाऊन आली, पाण्याचा टँकर का आला नाही, आणि आला तर ड्रायव्हरने मिशी का काढली. गाडी धड असलेली माणसंही त्याच्याकडे यायची, चहा प्यायची, हसून हसून बेजार व्हायची आणि जाताना गाडी तिथेच विसरून जायची.

असा हा बोलभांड माणूस, आणि सासरा समोर आला की मुका. नुसता मुका नाही, तंबूचा खांब!

यात त्या बिचाऱ्याचा दोष काही नाही. जावयाला पाटावर बसवून आग्रह करकरून वाढतात असे मुलूख असतील कुठे तरी. आमच्या वाळवंटात जावयाने सासऱ्यासमोर घास घ्यायचा नाही, विडी ओढायची नाही, तोंडसुद्धा उघडं ठेवायचं नाही. फेट्याचं टोक नाकावरून ओढून घ्यायचं आणि जमिनीकडे बघायचं. आपल्याच पोराला त्याच्यादेखत मांडीवर घ्यायचं नाही, पोराचं नावही उच्चारायचं नाही, कारण हे पोर आलं कुठून याची सासऱ्याला आठवण व्हायला नको. आणि पोट, जुलाब, शी असले शब्द? त्यापेक्षा जीभ झडलेली बरी. सासऱ्यानेही जावयाकडे सरळ पाहायचं नाही. लाज दोन्हीकडून सारखी.

त्याचा सासरा एंबारेक दोन तंबू सोडून राहायचा. सत्तरीचा, उंच, वाळलेला माणूस. तरुणपणी, आमच्या मुलखावर स्पॅनिश राज्य होतं तेव्हा, स्पॅनिश लष्करात ड्रायव्हर होता. त्याची लँडरोव्हर हफदल्लापेक्षा वयाने मोठी आणि दर आठवड्याला आजारी. त्यामुळे दोघांची गाठ पडायचीच. मग एंबारेक बॉनेटवर थाप मारून गाडीला विचारायचा, "काय गं बाई, तुझा ब्रेक अजून कुणी बघितलाच नाही वाटतं?"

हफदल्ला फेट्याच्या आतून चाकाला सांगायचा, "ब्रेक उद्या होईल हो."

"ऐकलंस का बाई? उद्या म्हणे. मागल्या मंगळवारीही उद्याच होतं."

अशी पाच वर्षं गेली. दोघांत एक सरळ वाक्य झालं नाही, आणि तक्रारही कुणाची नव्हती.

हफदल्लाच्या पोराचं नाव सलामू. वय तीन, पण दीडाचा वाटायचा. एंबारेकला तो दुधावरची साय. रोज संध्याकाळी म्हातारा निखाऱ्याखालच्या तापल्या वाळूत गव्हाची जाड रोटी पुरायचा, भाजली की झटकून पुसून शेळीच्या दुधात कुस्करायचा आणि नातवाला आपल्या हाताने भरवायचा. भरवणारा कमी पडत नव्हता आणि खाणाराही. तरी पोर बाळसं धरेना. पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काडीसारखे, दिवसातून सहा सहा वेळा पळापळ, आणि मधल्या वेळात किरकिर. चार पावलं चालला की बसायचा.

जितके तंबू तितके वैद्य. कुणी म्हणालं नजर लागलीय, कातडी ताईत बांधा. बांधला. कुणी म्हणालं डिंकाची पूड पाण्यातून द्या. दिली. कुणी म्हणालं नुसतं सांडणीच्या दुधावर ठेवा. तीन दिवस ठेवला, तर पोर रोटीसाठी एवढं रडलं की आजोबाने चौथ्या दिवशी दोन रोट्या भाजल्या.

शेवटी वस्तीतली नर्स तिस्लेम आली. पोराचं पोट दोन बोटांनी ठोकून म्हणाली, "मुनीना, हा गव्हाचा आजार असणार. गहू आत गेला की यांचं आतडंच सोलून निघतं. आपल्या लोकांत हा दर चार तंबूंत एकाकडे निघतो, तरी प्रत्येकाला वाटतं आपल्याकडे नाही. रक्त तपासून घ्या. मोठ्या दवाखान्यात परदेशी डॉक्टर आलेत, गुरुवारी परत जाणार. मग सहा महिने कुणी फिरकायचं नाही. आणि नीट ऐक, रक्त देईपर्यंत रोटी बंद करायची नाही. बंद केलीस तर रक्तात काही दिसायचं नाही, आणि आपण बसू ताईत बांधत."

मुनीना म्हणजे हफदल्लाची बायको. तिला मुलगी होऊन बाराच दिवस झाले होते. चाळीस दिवस ती तंबूबाहेर पडायची नव्हती. म्हणजे पोराला न्यायचं हफदल्लाने. दवाखाना लांब, म्हणजे गाडी हवी. वस्तीतल्या बाकी सगळ्या गाड्या हफदल्लाच्याच अंगणात पोट फाडून पडलेल्या, कारण मालक गप्पांत आणि हा मालकांत. चालणारी गाडी एकच, सासऱ्याची. इथेच सगळं फिसकटलं.

मंगळवारी निघाले. पुढे एंबारेक आणि त्याच्या शेजारी सलामू. मागे जादा चाकावर, पाठ फिरवून, डोळ्यांपर्यंत फेट्यात गुंडाळलेला हफदल्ला. दवाखान्यात पोर आजोबाच्या मांडीवरून हलेना, आणि बापाला तर त्याच्यादेखत पोर घेता येत नाही. मग काय, तिघेही आत.

डॉक्टरीणबाईंचं नाव अमाया. उन्हाने नाक सोललेलं, पण बाई हसरी. त्यांचं स्पॅनिश आमच्या बोलीत सांगायला गालिया नावाची मुलगी बसली होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कसा आहे मुलगा?"

आता आमच्यात 'कसा आहे' म्हटल्यावर उत्तर एकच. घर कसं, शेळ्या कशा, थंडी कशी? ठीक, अल्लाची कृपा. तंबू जळून गेला असला तरी आधी ठीक, मग जळाल्याची बातमी. हफदल्ला फेट्यातून म्हणाला, "ठीक, अल्लाची कृपा." आणि बातमीकडे यायच्या आधीच त्याची नजर एंबारेकच्या चपलांवर गेली. दातखीळ बसली.

"झोपतो का?"

"ठीक, अल्लाची कृपा."

"शीला कसा जातो?"

गालियाने तो शब्द आमच्या बोलीत जसाच्या तसा, खणखणीत उच्चारला. एंबारेक खिडकीतून बाहेर बघायला लागला. बाहेर भिंत होती. हफदल्लाच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"ठीक, अल्लाची कृपा."

"उलट्या?"

"त्याही ठीक, अल्लाची कृपा."

डॉक्टरीणबाईंनी पोराला वजनकाट्यावर ठेवलं, आणि कपाळाला आठी घातली. "वजन कमी आहे. पण आज रांगेत सगळ्यांचंच कमी आहे, आणि रक्त घ्यायच्या बाटल्या मोजक्या आहेत. ज्यांना जुलाब, उलट्या आहेत त्यांचं आधी घेतोय. ह्याला काहीच त्रास नाही म्हणता, तर पुढच्या वेळी बघू." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या पोराला बोलावलं.

परत येताना सलामूने गाडीत दोनदा घाण केली. दोन्ही पुरुषांनी आपल्याला वासच येत नाही असं दाखवलं.

मुनीनाने ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "ठीक? उलट्याही ठीक? अरे, पोर वाळून चाललंय आणि तू कृपा वाटत फिरतोस? गावाची उणीदुणी काढताना जीभ कशी तलवारीसारखी चालते तुझी!"

"तुझा बाप समोर बसला होता."

"बाप आहे, वाघ नाही! भीड भिकेची बहीण, कळलं? उद्या बुधवार, शेवटचा दिवस. सगळं सांगून ये, नाहीतर ह्या तंबूत येऊ नकोस."

"त्यांना घरी ठेवू का?"

"गाडी कोण चालवणार? त्या स्टिअरिंगला त्यांनी आईलाही कधी हात लावू दिला नाही."

"मग मी सरळ स्पॅनिशमध्ये बोलतो. त्यांना कळणार नाही."

मुनीना म्हणाली, "बाबा सात वर्षं स्पॅनिश लष्करात होते. तुझ्या स्पॅनिशमधल्या चुका काढत बसतील."

मग तीच कागद घेऊन बसली. दिवसातून किती वेळा, कशी, कोणत्या रंगाची, उलटी कधी, झोप किती, सगळं ओळीने लिहिलं. "हे धर. तोंड उघडायला नको. नुसता कागद पुढे कर." हफदल्लाला एवढं हायसं वाटलं की त्याने बायकोच्या अक्षराचीही स्तुती केली.

बुधवारी दुपारी पुन्हा तिघे आत. हफदल्लाने कागद पुढे केला. डॉक्टरीणबाईंना अरबी वाचता येईना. त्यांनी तो गालियाकडे दिला. गालिया शाळेत शिकलेली मुलगी, कागद हातात आला की उभी राहून मोठ्याने वाचायची सवय. घसा साफ करून तिने सुरुवात केली, "सलामू. वय तीन. शी दिवसातून सहा वेळा..."

हफदल्लाने झडप घातली. कागद हिसकावला. आता लपवावा कुठे? झग्याच्या खिशात हात जाईना, फेट्यात कोंबला तर तोंड उघडं पडणार. काही न सुचून त्याने कागद तोंडात टाकला आणि चावायला लागला.

सासऱ्यासमोर घास घेतला, तोही कागदाचा! वर गिळताना ठसका लागला. एंबारेक कालच्या त्याच भिंतीकडे जीव तोडून बघत होता.

डॉक्टरीणबाई मात्र उठल्या. "अच्छा, म्हणजे त्रास वडिलांना आहे! कागद खातात? किती दिवस?" आणि गालिया मध्ये पडायच्या आत त्यांनी हफदल्लाला टेबलावर आडवा केला, झगा वर सरकवला आणि पोट दाबायला लागल्या. जावयाचं उघडं पोट सासऱ्यापुढे! आमच्याकडे ह्याहून कमी कारणासाठी लोक दुसऱ्या छावणीत राहायला गेलेत.

"इथे दुखतं? इथे?"

हफदल्ला छताकडे बघत पडला होता. मेल्यागत. मान वळली तेव्हा त्याला दिसलं: पलीकडे परिचारिका बाटल्यांची पेटी बंद करत होती, आणि सलामू आजोबाच्या मांडीवर डोकं टेकून पडला होता. दाराशी त्याच्याच वयाची एक पोरगी चपला उलट्या घालून धावत होती. सलामू तिच्याकडे नुसता बघत होता. धावायचं मनातच नव्हतं त्याच्या. रडायचंही नव्हतं.

मग हफदल्लाच्या आत काहीतरी फुटलं.

"बाई, मला काही झालेलं नाही! त्याला झालंय! सलामूला!" पोराचं नाव घेतलं. टेबलावर उठून बसला. फेटा कधीच गळ्यात आला होता. "सहा वेळा जातो बाई, सहा! फिकट असते, मातकट. वास असा की शेळ्या तोंड फिरवतात, आणि आमच्या शेळ्या खोकी खातात! रात्रीची उलटी, पोट वाजतं ढम ढम, मांड्यांना मांस नाही. काल मी खोटं बोललो. ठीक नाही, काही ठीक नाही! अल्लाची कृपा आहे, पण ठीक नाही!"

पाच वर्षांचं तुंबलेलं होतं, ते थांबतंय कशाला. गालिया धापा टाकत भाषांतर करत होती. शेवटी अडखळली. "ते... फेसाळ, तेलकट, चिकटून राहणारी म्हणताय ना? ह्याला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात मला नाही माहीत."

तेव्हा कोपऱ्यातून, फेट्याच्या आतून, भिंतीला उद्देशून, एंबारेक एकच शब्द बोलला. स्पॅनिश. लष्करी बराकीतला शब्द असणार, कारण डॉक्टरीणबाईंच्या भुवया केसांपर्यंत गेल्या. पण अर्थ मात्र लख्ख कळला. त्यांनी परिचारिकेला हाक मारली, "पेटी उघडा."

सुई टोचली तेव्हा सलामू बारीक रडला, आणि तेवढ्यात एंबारेक पोराला बापाच्या हातात देऊन बाहेर निघून गेला. येताना गाडीत कुणी गाडीशीही बोललं नाही.

बाटली विमानाने परदेशी गेली. तीन आठवडे वाट बघायची होती आणि तोवर रोटी चालू ठेवायची होती. हफदल्लाला वाटलं, तोंड दाखवायला जागा उरली नाही. सासऱ्याची गाडी दिसली की तो दुसऱ्या गाडीखाली शिरायचा. एंबारेक संध्याकाळी यायचा, नातवाला भरवायचा, जायचा. ब्रेक गेला होता तरी त्याने गाडी आणली नाही. लोक अंगणात येऊन बसायचे आणि हफदल्ला नुसते नटबोल्टचे पाने उलटेपालटे करत बसायचा. "काय रे, जिभेला गंज चढला का?" कुणी तरी विचारलं.

तिस्लेम निकाल घेऊन आली ती संध्याकाळीच. एंबारेक रोटी झटकत बसला होता. हफदल्ला तंबूच्या मागे होता, कनातीला कान लावून. "गव्हाचाच आजार," ती म्हणाली. "आकडा एवढा वर आहे की शंकाच नको. आजपासून गहू बंद, जव बंद, कायमचे. कणभरसुद्धा नाही. मग बघा पोर कसं फुलतं ते."

मुनीना रडली, पण सुटल्यासारखी. एंबारेकच्या हातात ती गरम रोटी तशीच होती. तो तंबूच्या खांबाला म्हणाला, "म्हणजे इतके दिवस मीच..." रोटी खाली ठेवून तो उठला आणि गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्याही नाही. सलामू संध्याकाळी दाराकडे बघत बसायचा. हफदल्लाला पहिल्यांदाच त्या म्हाताऱ्याची भीती नाही, दया आली. पण दया आली म्हणून जाऊन बोलायचं कसं?

घरात वेगळीच लढाई होती. आमच्यात सगळे एका परातीत जेवतात. वेगळं ताट मिळतं ते भांडून बसलेल्याला. सलामूला वेगळी थाळी दिली तर त्याने ती उपडी केली आणि रोट्यांच्या परातीत हात घातला. दोनदा असं झाल्यावर मुनीनाने फतवा काढला: परात एकच, आणि तिच्यात भात नाहीतर मका. ज्याला रोटी हवी त्याने बाहेर जाऊन खावी आणि कोपरापर्यंत हात धुऊन आत यावं. हफदल्ला रोटीचा वेडा. पंधरा दिवस तो अंगणात चोरासारखा रोटी खायचा, मग त्याचा त्यालाच कंटाळा आला आणि भातावर बसला.

दोन महिने झाले. सलामूचं पोट उतरलं, गाल वर आले. एका सकाळी तो शेळीच्या मागे पळाला आणि शेळी दमली तरी हा थांबेना. मुनीना ओरडली, "अरे पकडा त्याला!" आणि मग स्वतःच हसत सुटली. ही बातमी दोन तंबूंपलीकडे गेली नसेल असं होणारच नाही.

त्याच दुपारी तिघे परातीभोवती बसले होते. हफदल्लाचा फेटा मानेवर, तोंड भाताने भरलेलं. एरवी सासरा यायच्या आधी बाहेर दोनदा खोकायचा, म्हणजे जावयाला मागच्या कनातीखालून निसटता यावं. त्या दिवशी खोकला नाही. पडदा उचलला आणि एंबारेक सरळ आत.

हफदल्ला अर्धवट उठला. एक पाय कनातीकडे, एक परातीजवळ, आणि घास ना गिळता येतो ना थुंकता येतो. एंबारेकने हात धुतले. तो फिरून मुलीशेजारी बसला नाही. बरोबर जावयासमोर बसला. भाताचा एक घास नातवाच्या तोंडात घातला, आणि दुसरा, हफदल्लाच्या डोळ्यांदेखत, आपल्या. मग त्याने मान वर केली आणि पाच वर्षांत पहिल्यांदा जावयाकडे सरळ पाहिलं.

"आज कशी झाली?" त्याने विचारलं.

मुनीनाच्या हातातला डाव तसाच राहिला. हफदल्लाने घास गिळला. सगळ्या गावाला पुरून उरेल एवढी बडबड ज्याच्या पोटात, त्याला तेव्हा एकच शब्द सापडला.

"घट्ट," तो म्हणाला. "बाबा, घट्ट."

"किती वेळा?"

"एकदाच."

म्हाताऱ्याने फेट्याच्या टोकाने डोळे पुसले, आणि ते टोक पुन्हा तोंडावर घ्यायचं विसरून गेला. "एकदाच," तो स्वतःशी म्हणाला. मग घसा साफ करून पुढे सरकला. "आणि रंग?"

"रंग म्हणाल तर बाबा, परवापर्यंत थोडा..."

"अरे, जेवतोय आपण!" मुनीना ओरडली, पण तिच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.